मथळ्यातली नोकरी

शीतल मेश्राम हिचा व्हिसा डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी नाकारला गेला. पत्र सकाळी अकराच्या सुमारास तिच्या मेलवर आले. भंडाऱ्याच्या बसस्थानकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तिने ते छापून घेतले, दोन प्रती काढल्या आणि एक माझ्या हातात दिली. पत्र एका पानाचे होते.

शीतल बावीस वर्षांची आहे. नागपूरच्या एका कॉलेजात मत्स्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला शिकते. युरोपातल्या एका संस्थेने तिला तीन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी निवडले होते. दूषित पाण्यात माशांची अंडी कशी टिकतात, कशी मरतात, यावर तिथे काम चालते. शीतलने वैनगंगेतल्या माशांवर केलेला कॉलेजातला प्रकल्प पाहून ही निवड झाली. राहायला खोली आणि जेवणापुरते पैसे संस्था देणार होती. विमानाचे जाण्यायेण्याचे भाडे, विमा, व्हिसाचे शुल्क आणि बँकेत दाखवायची रक्कम तिने उभी करायची होती. देशाचे आणि संस्थेचे नाव तिच्या सांगण्यावरून वगळले आहे.

या परदेशासाठी आम्ही दोघी नोव्हेंबरभर माझ्या स्कूटीवरून भंडारा जिल्ह्यात फिरलो. जिल्ह्याची हद्द ओलांडली ती फक्त नागपूरला जाण्यासाठी. ज्यांना आपल्या घरातले कोणी असे पाठवायचे आहे आणि ज्यांनी अजून सुरुवात केलेली नाही, त्यांच्यासाठी हा प्रवास लिहून ठेवत आहे.

मी भंडाऱ्यात एका दैनिकाचे काम अठ्ठावीस वर्षे करते आहे. शीतलची बातमी मीच दिली होती. मथळाही माझाच होता : 'धरणात गाव गेले, लेकीला परदेशात नोकरी'. इंटर्नशिप हा शब्द बातमीच्या चौथ्या परिच्छेदात होता. चौथ्या परिच्छेदापर्यंत किती वाचक पोहोचतात, हे मला माहीत होते.

बातमी आली त्याच दुपारी शीतल कार्यालयात आली. पेपर तिच्या पिशवीत होता.

"ताई, नोकरी नाही ना आहे ती."

"इंटर्नशिप मथळ्यात बसत नाही."

"बसते. अक्षरं मोजली मी."

"लोकांना तो शब्द कळत नाही, शीतल."

"मंग चौथ्या परिच्छेदात कसा कळंल?"

मी तिला सांगितले की मदत गोळा होऊ दे, मग दुरुस्ती छापू. ती "बरं" म्हणाली आणि माठातले पाणी पिऊन गेली. संध्याकाळपर्यंत मदतीसाठी दोन फोन आले. दोन्ही फोनवर नोकरी हाच शब्द होता.

गोसीखुर्दच्या काठी

पहिला मुक्काम शीतलच्या घरी. भंडाऱ्याहून पवनीकडे निघालो तेव्हा धानाची कापणी बरीच उरकली होती. कापलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, खुंटांच्या मधून लाखोळी या कडधान्याचे हिरवे कोंब दिसत होते. धान उभे असतानाच त्यात लाखोळी फेकून देण्याची इथली पद्धत आहे. पहिले पीक निघायच्या आत दुसरे रुजलेले असते.

गाव पुनर्वसनाचे आहे. जुने गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. नव्या गावठाणात रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, घरे सारख्या अंतरावर, आणि म्हातारे म्हणावे असे एकही झाड नाही. भंडाऱ्यात घर शोधायचे तर माणसाचे नाव विचारतात. इथे प्लॉटचा नंबर विचारतात. चौकातल्या एका बाईने मला विचारले, "कोनते मेश्राम जी? एकशे चौदा का दोनशे दोन?" आम्हाला एकशे चौदा हवे होते.

शीतलचे वडील श्रावणभाऊ जलाशयात मासेमारी करतात. त्या दिवशी ते सकाळीच जाळे काढून आले होते. जेवायला भात आणि मासोळीचा रस्सा होता. रस्सा पातळ, जवसाचे कूट घातलेला. भंडाऱ्यात मासे विकत घेताना आम्ही तळ्याचे की नदीचे एवढेच विचारतो. श्रावणभाऊंनी पानातल्या तुकड्याचा पत्ताच सांगितला.

"हा शाळेवरचा आहे," ते म्हणाले.

"कोणत्या शाळेवरचा?"

"जुन्या. भिंती उभ्या आहेत ना खाली. मासोळ्या खोल्यायमंधी बसतात. मी चौथीच्या वर्गावर जाळं टाकतो."

"बाबा चौथीपर्यंतच शिकले," शीतल म्हणाली. "म्हणून तथंच टाकतात."

"पाचवीत मासोळीच नाही," श्रावणभाऊ म्हणाले, आणि मला आणखी रस्सा वाढ म्हणून शीतलला सांगितले.

पाणी दुपारी पाहिले. काठाला हिरवा तवंग होता आणि जलपर्णी साचली होती. नागपूरची घाण नाग नदीतून इथे येते, असे काठावरची माणसे सांगतात आणि त्यासाठी कोणताही अहवाल दाखवत नाहीत, हात दाखवतात. श्रावणभाऊंच्या मनगटापर्यंत खाजेचे चट्टे होते. शीतलचा प्रकल्प याच पाण्यातल्या माशांवर होता.

त्या दिवशी गावात मंडई होती. दिवाळीनंतर इकडे गावोगाव मंडई भरते. दुकाने लागतात, पाहुणे येतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य होते. दंडार थांबवून सरपंच हटवारभाऊंनी शीतलला खुर्चीवर बसवले, तिच्या खांद्यावर दुपट्टा टाकला आणि माइक हाती घेतला.

"आपल्या गावची पोरगी परदेशात नोकरीले जाऊन राहिली. ज्याले जे जमंल ते द्या. नाव माइकवर घेतल्या जाईल."

लोक रांगेने आले. देणाऱ्याचे नाव आणि प्लॉटचा नंबर माइकवरून पुकारला जात होता. प्रत्येक जण पैसे ठेवून शीतलच्या डोक्यावर हात ठेवी आणि काहीतरी म्हणे. एक म्हातारी म्हणाली, "एका जाग्यावर राहजो, बाई." तिच्यामागचा माणूस तेच म्हणाला. या वस्तीत आशीर्वाद देताना सुखी राहा म्हणण्याआधी एका जागी राहा म्हणतात. दोन दिवसांत मी हे चार वेळा ऐकले आणि वहीत लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीत गेलो. व्हिसाच्या अर्जासाठी रहिवासाचा कागद हवा होता, कारण शीतलच्या जन्मदाखल्यावर जुन्या गावाचे नाव आहे आणि आधारवर नव्याचे. हटवारभाऊ म्हणाले, नुसता रहिवास कायले, चांगलं पत्रच देतो. त्यांनी समोर खुर्ची ओढून शीतलला बसवले.

"इंटर्नशिप म्हंजे काय?"

"काम शिकायचं, भाऊ. तीन महिने."

"पैसे देतात?"

"जेवणापुरते."

"राहाले?"

"खोली देतात."

"खोली देतात, पैसे देतात, काम घेतात. नोकरी अजून कशाले म्हणतात?"

"तीन महिन्यांनी वापस यावं लागते."

हटवारभाऊंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वापस कायले येतेस? आमाले धरणानं उठवलं. बसवता बसवता एक पिढी गेली, अजून नाल्या नाहीत. तू तरी चांगल्या जागी बसून जाय."

"कॉलेज बाकी आहे माझं."

"तथं कॉलेजं नाहीत का?"

मग त्यांनी मजकूर सांगितला आणि ऑपरेटरने संगणकावर टाइप केला. रहिवासाचा उल्लेख पहिल्या ओळीत होता. त्यानंतर असे होते : सदर विद्यार्थिनीस परदेशात नोकरी लागली असून ती तेथेच कायमची स्थायिक होऊन गावाचे नाव उज्ज्वल करील, अशी ग्रामपंचायतीस खात्री आहे. पहिला शिक्का पुसट आला, म्हणून शेजारी दुसरा मारण्यात आला.

शीतलने पत्र वाचले आणि माझ्याकडे दिले. "ताई, हे 'तेथेच'..."

"सरपंचांची भाषा अशीच असते," मी म्हणाले. "असू दे."

त्या वाक्याचा मी पुढच्या रविवारच्या बातमीत उपयोग केला.

लाखनी

लाखनी भंडाऱ्याहून पूर्वेला महामार्गावर आहे. रायपूरकडचे ट्रक रात्रंदिवस जातात. आम्ही ज्यांच्याकडे निघालो होतो ते लांजेवार शेठ भातगिरणीचे मालक, आणि पहिल्या दिवशी आलेल्या दोन फोनपैकी एक त्यांचा होता. गावात शिरताना स्कूटीचे मागचे चाक पंक्चर झाले. उड्डाणपुलाखाली टायरचे दुकान होते. दुकानदाराने ट्यूब पाण्यात बुडवत विचारले, कुठे निघालात. शीतलने सांगितले.

"परदेशात पंचर कोण काढते जी?" त्याने विचारले.

"ज्याचं त्यानंच, बहुतेक," शीतल म्हणाली.

"मंग कायचा परदेश," तो म्हणाला आणि ठिगळ घासू लागला.

गिरणीच्या आवारात उसन्या, म्हणजे उकडून वाळवलेल्या, भाताचा आंबूस वास भरला होता. आत गाद्या नव्हत्या, काचेचे टेबल होते. शेठ साठीचे, बोलायला मोकळे. भंडाऱ्यात देणगीदार धनादेश देताना आधी फोटोग्राफरची वाट पाहतात. शेठ आधी प्रश्न विचारतात.

"पगार किती, बेटा?"

"पगार नाही जी, इंटर्न..."

"सुरुवातीला कमी आहे, शेठ," मी मध्येच बोलले.

हे वाक्य खरे नव्हते. शीतलने माझ्याकडे पाहिले आणि टेबलावरच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे नजर वळवली.

"कमी तर कमी," शेठ म्हणाले. "शिकाले पैसे मागाले माझ्याकडं रोज चार जण येतात. नोकरी लागली म्हणून मागाले आलेली तुमची पहिली केस आहे. शिकणाऱ्याचा काही भरोसा नाही. पास होईल, नापास होईल, पळून जाईल. नोकरीवाली पोरगी म्हंजे पिकलेलं धान. उद्या तथं आपला तांदूळ विकून देईल. काय बेटा?"

"तिकडे मासे आहेत जी," शीतल म्हणाली.

"मासोळीसंग भात लागतेच ना."

शेठ मोठ्याने हसले, आणि आम्ही मागितली होती त्यापेक्षा जास्त रक्कम त्यांनी दिली. सोबत गिरणीच्या लेटरहेडवर पाठिंब्याचे पत्र दिले. त्यात परदेशातील नोकरीनिमित्त साहाय्य असे लिहिले होते. अट एकच : शीतलच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर त्यांचा फोटो हवा.

 बाहेर आल्यावर स्कूटीला किक मारताना मी शीतलला विचारले, राग आला का.

"नाही," ती म्हणाली. "पन पुढच्या ठिकाणी मी बोलीन."

कारधा

पुढचे ठिकाण त्याच दिवशी परतीच्या वाटेवर होते. कारधा हे भंडाऱ्यासमोरचे गाव, मध्ये वैनगंगा. तिथे निवृत्त मुख्याध्यापक रामटेके सर राहतात. त्यांच्या आजोबांनी नागपूरला छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. सर मदत करतात असे शीतलला कॉलेजातल्या कोणीतरी सांगितले होते. त्यांना आमचा फोन गेला नव्हता, आम्ही तशाच गेलो.

सर ओसरीवर पेपर वाचत होते. हातात लाल पेन होते. चाळीस वर्षे वह्या तपासल्या, आता पेपर तपासतो, असे त्यांनी सांगितले. सुनेने पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडून आणल्या, मीठ घातलेल्या. या शेंगा हिवाळ्यात सोलत सोलत खायच्या असतात. त्यामुळे कोणालाही घाईने बोलता येत नाही.

शीतलने पहिल्याच वाक्यात सांगितले, "सर, नोकरी नाही आहे. तीन महिन्यांची इंटर्नशिप आहे. मग वापस यायचं आहे."

"माहीत आहे," सर म्हणाले. "मी चौथा परिच्छेद वाचला."

ते उठून आत गेले आणि पेपरच्या गठ्ठ्यातून माझी बातमी घेऊन आले. मथळ्यातल्या नोकरी या शब्दावर लाल रेघ होती. वर प्रशिक्षण असे लिहिले होते. बाजूला तारीख होती, बातमी छापून आली त्या दिवसाची.

"ही चूक कोणाची, मॅडम?"

"माझी."

"तुम्हाले माहीत होतं?"

"होय."

"मग तिले चूक म्हणू नका," सर म्हणाले. "दुरुस्ती कधी छापता?"

"मदत गोळा झाली की."

 सर शीतलकडे वळले आणि अर्धा तास माशांबद्दल विचारत राहिले. मरळ अजून मिळते का, शिंगी का कमी झाली, अंडी कोणत्या महिन्यात, पाण्याचा नमुना कसा घेतेस. दोन उत्तरांवर त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सांगायला लावले. शेंगांची टोपली रिकामी झाल्यावर त्यांनी धनादेश लिहिला. रक्कम शेठच्या निम्मी होती.

"हे शिकाले देतो आहे," ते म्हणाले. "नोकरी असती तर दिलं नसतं. नोकरीवाल्याले काहून द्यायचं?"

सोबत त्यांनी स्वतःच्या अक्षरात इंग्रजी पत्र लिहून दिले. तीन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी हे साहाय्य आहे, ते पूर्ण करून ती परत येईल आणि आपली पदवी पूर्ण करील, एवढाच मजकूर होता.

कारध्याच्या पुलावर शीतलने मला थांबवायला सांगितले. नदीत जलपर्णीचा पट्टा पसरला होता. तिने खिशातून छोटी बाटली काढली, खाली उतरून पाणी भरून आणले आणि झाकणावर जागेचे नाव लिहिले. मी वेळ विचारली नव्हती, तिने तीही लिहिली.

नागपूर

व्हिसाचा अर्ज भरून देणारा सल्लागार नागपूरला होता. थंड खोली, भिंतीवर विमानाचे चित्र, आणि तो स्वतः वयाने तिशीतला. त्याने फाइल उघडली आणि कागद भराभर उलटले.

"सपोर्टिंग कागद जितके जास्त तितकं बरं," तो म्हणाला. "पेपरचं कात्रण? लावा. सरपंचाचं? लावा. मिलवाल्याचं लेटरहेड आहे, मस्त. हे काय?"

"रामटेके सरांचं पत्र," शीतल म्हणाली.

"हाताने लिहिलेलं नको. लेटरहेड नाही, शिक्का नाही. हे घरी ठेवा."

"पण त्यातच लिहिलं आहे, मी वापस येणार म्हणून."

"ते फॉर्ममध्ये येते, मॅडम. फॉर्ममध्ये टिक करतो मी."

सरांचे पत्र बाजूला काढण्यात आले. बाकीचे कागद मराठीत होते, त्यांचे इंग्रजी भाषांतर हवे होते. सल्लागाराचा भाषांतरकार पानामागे पैसे घेत होता. मी म्हणाले, मी करते. मला दोन्ही भाषा येतात आणि पैसे वाचत होते.

ते काम मी एका दुपारी केले. भाषांतर करणाऱ्याने मूळ मजकुरात बदल करायचा नसतो. नोटरीसमोर तसे लिहूनही द्यावे लागते. नोकरीच्या जागी मी नोकरीचाच इंग्रजी शब्द वापरला. कायमची स्थायिक याच्यासाठीही अचूक शब्द होता, तो वापरला. लिहिताना माझ्या लक्षात आले की हे तीनही कागद फॉर्मशी जुळत नाहीत. मी ते शीतलला सांगितले नाही. सल्लागाराला विचारले. तो म्हणाला, कोणी वाचत नाही, जाडी पाहतात.

माझा मथळा चुकीचा होता. भाषांतर बरोबर होते.

बोटांचे ठसे देताना यंत्राने शीतलचा उजवा अंगठा दोनदा घेतला नाही. लहानपणापासून जाळे ओढल्याने कातडी गुळगुळीत झाली आहे. तिसऱ्यांदा ओल्या रुमालाने पुसून ठेवल्यावर घेतला. तिथून बाहेर आल्यावर आम्ही तर्रीपोहे खाल्ले. शीतलने दोनदा तर्री मागून घेतली.

"तिकडे हे नाही भेटणार," ती म्हणाली. "तीन महिने कसे काढायचे."

भंडारा

पत्र आले त्या मंगळवारी श्रावणभाऊ मासे विकायला भंडाऱ्यात आले होते. फोन केल्यावर ते बसस्थानकावर आले, रिकामे टोपले हातात. आम्ही तिघे बाकावर बसलो. शीतलने पत्र एकदा मनात वाचले.

"काय म्हणते?" श्रावणभाऊंनी विचारले.

"म्हणते, ही वापस येणार नाही."

"कोण?"

"मी."

श्रावणभाऊंनी टोपले बाकाखाली ठेवले. "वापसीचं तिकीट तर आपन आधीच धरलं होतं ना हिशोबात. त्याचेच पैसे जास्त होते."

"हो."

"मंग त्यायले कोणं सांगतलं, येणार नाही म्हणून?"

शीतलने कागदाकडे पाहिले. पत्रात दोन कारणे होती. अर्जात सांगितलेला हेतू जोडलेल्या कागदांशी जुळत नाही. जोडलेल्या कागदांवरून अर्जदाराचा तिथेच राहण्याचा इरादा दिसतो. खाली तीन कागदांची नावे होती : ग्रामपंचायतीचे पत्र, वर्तमानपत्राचे कात्रण, भातगिरणीचे पत्र. तिन्हींच्या पुढे कंसात नोटरी केलेले भाषांतर असे म्हटले होते.

"कागदानं सांगतलं, बाबा," ती म्हणाली.

"कोणाच्या?"

उत्तर मी दिले. माझ्या मथळ्यापासून सुरुवात केली, आणि लाखनीत मध्येच बोलले तेही सांगितले.  शेवटी श्रावणभाऊंनी टोपले उचलले.

"तुमच्यामुळं लोक बसवतात आमाले, मॅडम," ते म्हणाले. "खुर्ची देतात. म्हणून मीच म्हटलं होतं हिले, मॅडमले संग घे." त्यांची बस लागली होती. ते गेले.

संस्थेत रुजू व्हायची तारीख जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली होती. शीतलने त्याच संध्याकाळी संस्थेला मेल केला आणि फेरविचाराचा अर्ज तयार करायला घेतला. त्याला जोडण्यासाठी मी स्वाक्षरीनिशी पत्र दिले की मथळा चुकीचा होता आणि तो माझा होता. सरांचे हाताने लिहिलेले पत्र या वेळी तिने स्वतःच वर लावले. छापील दुरुस्ती असती तर बरे झाले असते, असे सल्लागार म्हणाला. मी तीन ओळींची दुरुस्ती लिहून कार्यालयात दिली. वरिष्ठांनी ती वाचली आणि ठेवून घेतली. दुरुस्ती छापली तर पैसे देणारे विचारतील, असे त्यांचे म्हणणे होते. पैसे देणाऱ्यांना आम्हीच सांगणार आहोत, असे मी म्हणाले. मग छापायची काय गरज, असे ते म्हणाले.

पुन्हा त्याच वाटेने

विमानाचे तिकीट काढलेले नव्हते. त्यामुळे बहुतेक पैसे शिल्लक होते, आणि ते परत द्यायला आम्ही पुन्हा निघालो.

लाखनीत शेठना शीतलने सगळे सांगितले. या वेळी मी मध्ये बोलले नाही. शेठनी पैसे घेतले, मोजले नाहीत. "मॅडम, तुम्ही पेपरवाले," एवढेच म्हणाले. त्यांचा फोटो असलेला फ्लेक्स चौकातून उतरवायला त्यांनी माणूस पाठवला.

शीतलच्या गावी पैसे कोणी घेतले नाहीत. माइकवर दिलेला पैसा परत घेता येत नाही, तशी तिथे रीत नाही. हटवारभाऊंनी तिला ग्रामपंचायतीत बोलावून घेतले.

"नोकरी गेली म्हणे."

"हो, भाऊ."

"जाऊ दे. दुसरी लागल. यावेळी अजून चांगलं पत्र देतो."

शीतलने त्यांच्या पत्राबद्दल त्यांना काही सांगितले नाही. बाहेर आल्यावर मी कारण विचारले.

"काय सांगू?" ती म्हणाली. "त्यांनी खरंच आशीर्वाद दिला होता."

कारध्याला ती एकटी आत गेली. मी स्कूटीजवळ थांबले. वीस मिनिटांनी ती बाहेर आली. धनादेशाचे पैसे सरांनी परत घेतले नव्हते, पुढच्या अर्जाला ठेव म्हणाले होते. त्यांनी माझ्यासाठी काही निरोप दिला का, असे मी विचारले.

"दुरुस्ती छापली का, विचारत होते."

फेरविचाराच्या अर्जाची पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. संस्थेचा मेल जानेवारीच्या पहिल्या शुक्रवारी आला. शीतलची जागा प्रतीक्षायादीतल्या विद्यार्थ्याला देण्यात आली आहे आणि त्याने काम सुरू केले आहे. दुरुस्ती हा मजकूर लिहून होईपर्यंत छापून आलेली नव्हती.